सेल्फ टेप: सांगलीतली एक मागची खोली, एक जुना फोन आणि परवा रात्रीपर्यंतची मुदत

प्रकरण कुणाचं ते आधी सांगतो. माझी मावसबहीण, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो, वय चाळिशीच्या अलीकडे, सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी आणि कॉलेजपासून हौशी रंगभूमीवर काम. राज्य नाट्य स्पर्धेत तिच्या ग्रुपचं नाटक बहुतेक वर्षी असतंच. सांगलीला नाटकाचं वेड का आहे ते वेगळं सांगायला नको, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिला प्रयोग इथंच केला आणि ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याच प्रयोगामुळे. तर अशा गावातली, स्टेजवर तयार झालेली बाई. कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिली नव्हती. जुलै महिन्यात तिला मुंबईच्या एका कास्टिंगवाल्याकडून, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्या माणसाकडून, व्हॉट्सॲपवर मेसेज आला की एका मालिकेत आईच्या भूमिकेसाठी ऑडिशन पाठवा, सोबत दोन पानांचा सीन, एक मराठी आणि त्याचाच छोटा हिंदी तुकडा, आणि परवा रात्रीपर्यंत पाहिजे.

पूर्वी असं काही आलं की रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, सकाळी वर्सोव्याच्या आराम नगरात जाऊन तिथल्या बंगल्याबंगल्यांतून ऑडिशनसाठी नंबर लावायचा आणि संध्याकाळी परत फिरायचं. सांगलीतून नोकरी सांभाळून हे करणारी माणसं मी बघितलीत, त्यातली बरीच दमून थांबली. मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर पहिली चाळणी घरून पाठवलेल्या व्हिडिओवर, म्हणजेच सेल्फ टेपवर, व्हायला लागली आणि ती पद्धत तशीच राहिली. मला विचाराल तर आमच्याकडच्या नटांसाठी ही फार मोठी गोष्ट झालीय, म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय. मी मिरजेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, अभिनयातलं मला फार कळत नाही, पण एखादा व्हिडिओ खराब का दिसतो आणि खराब का ऐकू येतो एवढं पोटापुरतं कळतं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो कारण नवीन लोकांना ती कुणी सांगत नाही. ऑडिशनसाठी पैसे मागणारा कुणीही असो, रजिस्ट्रेशन म्हणू दे नाहीतर पोर्टफोलिओ फी म्हणू दे, त्याचा नंबर ब्लॉक करून सोडून द्यायचं. ताईला आलेल्या मेसेजमध्ये पैशाचा विषय नव्हता, सीन नीट लिहिलेला होता, सूचना स्पष्ट होत्या. फोन आडवा धरा, बॅकग्राउंड साधं ठेवा, फ्रेम छातीच्या थोडी खालपर्यंत, आधी इंट्रो म्हणजे नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, मग डावी-उजवी प्रोफाईल, आणि मग सीन. मेकअप नको, म्युझिक नको.

पहिला व्हिडिओ

तिने त्याच दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर हॉलमध्ये एक व्हिडिओ केला आणि मला पाठवला, बघ रे कसा वाटतोय म्हणून. मी तो बघितला आणि दोन मिनिटांत तिला फोन केला की हा पाठवू नकोस, उद्या सुट्टी घे, मी येतो.

काय होतं त्यात? ती खिडकीकडे पाठ करून उभी होती. फोनने खिडकीतला उजेड बघून सगळं चित्र अंधारं केलेलं, त्यामुळे चेहरा काळपट, डोळे दिसतच नाहीत. वरून ट्यूब चालू, आणि चित्रावर बारीक आडवे पट्टे हळूहळू वर सरकत होते. फोन टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, म्हणजे कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीला आणि आपण खालून हनुवटी आणि नाकपुड्या बघतोय. मागे शोकेस, त्यात ट्रॉफ्या, भाचीची सायकल, कॅलेंडर. हे सगळं तरी एक वेळ चाललं असतं, पण आवाज! पंखा गरगरतोय, फरशी आणि भिंतींवर आवाज आपटून विहिरीत बोलल्यासारखा घुमतोय, समोरचे डायलॉग म्हणणारे दाजी फोनच्या अगदी शेजारी बसलेत त्यामुळे त्यांचा आवाज दणदणीत आणि ताईचा लांबून. ज्या बाईची ऑडिशन आहे तिच्यापेक्षा दाजीच जास्त ऐकू येत होते.

ताईचं म्हणणं होतं की फोन जुना आहे म्हणून असं झालं, शेजारच्या मुलाचा भारीतला फोन मागून आणू का. तिथेच मी तिला थांबवलं, आणि या सगळ्या प्रकरणातून माझं जे ठाम मत झालं ते हेच आहे की घरी शूट करताना आधी खोली बघायची, फोन नंतर. तिचा फोन तीन-चार वर्षं जुना, मध्यम किमतीचा अँड्रॉइड, पण मागचा कॅमेरा चांगला चालणारा, फुल एचडी नीट करणारा. कास्टिंगवाला तो व्हिडिओ बहुतेक स्वतःच्या फोनवरच बघणार असतो. त्याला तिथे डोळे दिसले पाहिजेत आणि शब्द कळले पाहिजेत, आणि या दोन्ही गोष्टी खोलीवर अवलंबून असतात.

खोली कशी निवडली

घरात तीन जागा होत्या. हॉल, पूर्वेला रस्त्याकडे मोठी खिडकी, रिक्षा, दूधवाला, भाजीवाली सगळं त्या खिडकीतून आत येतं. स्वयंपाकघर, तिथे फ्रीज आणि फरशा. आणि मागची दहा बाय दहाची झोपायची खोली, तिला उत्तरेला एकच खिडकी, बाहेर शेजाऱ्यांचं परसू. दाजी म्हणाले, "तिथं कशाला, तिथं तर कपाट आणि गाद्याच आहेत." पण मला नेमक्या गाद्याच पाहिजे होत्या.

उत्तरेच्या खिडकीत वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर साधारण एकसारखा आणि मऊ राहतो. जुलैमध्ये ढगांमुळे कमी-जास्त होतो, त्याचं पुढे सांगतो. ज्यांच्या घरी फक्त पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी आहे त्यांनी ऊन सरळ तोंडावर येत असेल तर खिडकीला जुनं पांढरं सुती धोतर किंवा उपरणं ताणून बांधायचं, उन्हाची धार मोडते आणि नाकाची काळी सावली गालावर पडत नाही. लग्नात आम्ही यासाठी मोठ्या छत्र्या आणि सॉफ्टबॉक्स घेऊन फिरतो, पण धोतराने होतं ते काम खरंच वाईट नसतं.

ताईला खिडकीसमोर सरळ न उभं करता थोडं तिरकं उभं केलं, म्हणजे एका गालावर जास्त उजेड, दुसऱ्यावर कमी. खिडकीपासून साधारण चार फूट. कमी उजेडाच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट खुर्चीला टेकवून ठेवली, गणपतीच्या आधीच्या डेकोरेशनमधली माळ्यावर पडून होती ती. शीट जवळ सरकवली की डोळ्याखालची सावली कमी होते, लांब नेली की वाढते, डोळ्यांनी बघत बघत जागा ठरवायची. सगळी सावली घालवायची नाही, नाहीतर चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट होतो.

भिंतीचा रंग पिस्ता होता. हिरवट भिंत जवळ असली की तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो आणि माणूस आजारी दिसतो. म्हणून भिंतीपासून चार फूट पुढे उभं राहायचं आणि मागे फिकट राखाडी चादर, दोन खिळ्यांना दोरी बांधून. चादर इस्त्री करायची, हे मी मुद्दाम सांगतो, घडीच्या रेघा कॅमेऱ्यात फार दिसतात. अंतर ठेवल्याचा दुसरा फायदा म्हणजे मागे सावली पडत नाही.

ते सरकणारे पट्टे

ही गोष्ट मी इतक्या जणांना समजावलीय की आता एकदा लिहूनच ठेवतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळीने वाचत जातो, त्यामुळे काही ओळी उजेडाच्या क्षणी घेतल्या जातात, काही अंधाराच्या, आणि पट्टे तयार होतात. आता फोन बहुतेक सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर, सेट असतो. १०० ला ३० ने भागलं तर पूर्ण भाग जात नाही, ३.३३ येतं, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये पट्टा वेगळ्या जागी आणि तो सरकताना दिसतो. फ्रेम २५ केल्या तर १०० ला बरोबर ४ ने भाग जातो, पट्टा एका जागी थांबतो. आणि पूर्ण घालवायचा असेल तर शटर, म्हणजे सेन्सर प्रत्येक वेळी किती वेळ उजेड घेतो ते, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचा पूर्ण फेरा मिळतो.

लोक म्हणतात फोन हे आपोआप करतो ना. करतो, पण खिडकीतून भरपूर उजेड येत असला की तो शटर आणखी वेगात नेतो, कारण फोनच्या कॅमेऱ्याचं छिद्र बहुतेक ठिकाणी लहानमोठं होत नाही, उजेड कमी करायला त्याच्या हातात शटर आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, एवढंच असतं. शटर १/१०० च्या पलीकडे गेलं आणि खोलीत ट्यूब चालू असली की पट्टे आलेच. ताईच्या पहिल्या व्हिडिओत अगदी हेच झालेलं, मागे उजळ खिडकी आणि वर ट्यूब. दिवसा शूट करताना उपाय अगदी सोपा आहे, ट्यूब बंद करा. उजेडाची सरमिसळही त्याने टळते, नाहीतर खिडकीकडचा गाल निळसर आणि बल्बकडचा पिवळा दिसतो.

आवाजाला सगळ्यात जास्त वेळ दिला

खोलीत मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवायची. टाळीनंतर टणणण अशी शेपूट ऐकू आली तर ती खोली बोलण्यासाठी खराब आहे. ताईच्या मागच्या खोलीत शेपूट होती, पण हॉलपेक्षा कमी. मग कॉटवरच्या गाद्या काढून दोन बाजूंना उभ्या केल्या, दारावर आजीची जाड वाकळ टाकली, फरशीवर जाजम आणि त्यावर आणखी एक चादर. लोखंडी कपाट सगळ्यात त्रासदायक, बोललं की त्याचा पत्रा बारीक घणघणतो, त्याच्या दारांवर दोन जाड शाली लटकवल्या. परत टाळी वाजवली, शेपूट जवळजवळ गेलेली. ताईची मुलगी प्रत्येक टप्प्याला टाळी वाजवून बघत होती आणि तिला फरक बरोबर कळत होता, बारा वर्षांच्या पोरीला कळतो म्हणजे कास्टिंगवाल्याला कळणारच.

पंखा बंद. फ्रीज बंद, भिंतीपलीकडचा असला तरी त्याची घरघर येते. फ्रीज बंद केला की स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवून द्यायची, म्हणजे बाहेर पडताना किल्ली घ्यायला जाल तेव्हा फ्रीज चालू करायची आठवण होईल, साउंडवाल्यांमधली ही चाल पूर्वीपासून चालत आलीय. वेळ दुपारी दोन ते चार ठरवली कारण तेव्हा गल्लीतले कुकर, टाकीच्या मोटरी, शाळेच्या रिक्षा सगळं शांत असतं.

आता माईक. कॉलर माईक मी माझा नेला होता, सहा मीटर वायरचा, दुकानात हजाराच्या आसपास मिळतो तसला. त्याच्या वायरवर एक छोटी डबी असते आणि तिच्यावर बटण, एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला स्मार्टफोन. फोनला लावलाय तर बटण स्मार्टफोनकडेच पाहिजे, हे लोक विसरतात आणि मग माईक खराब आहे म्हणून परत करायला जातात. ताईच्या फोनला गोल जॅक होता म्हणून सरळ लागला, नवीन फोनला टाइप-सीचं कनेक्टर लागतं. आणि एक लक्षात ठेवा, बऱ्याच फोनचं स्वतःचं कॅमेरा ॲप बाहेरचा माईक घेतच नाही, वायर लावली तरी फोनचाच माईक चालू राहतो. म्हणून ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप टाकलं, त्यात सेटिंगमध्ये बाहेरचा माईक निवडता येतो. खात्री करायची तर माईकवर नखाने टकटक करून रेकॉर्डिंग ऐकायचं.

तो माईक पदराला लावला तर प्रत्येक हालचालीला खर्रर्र खर्रर्र. आधी वाटलं वायर ढिली आहे. हेडफोन लावून तिला सावकाश श्वास घ्यायला सांगितलं, वळायला सांगितलं, तेव्हा सापडलं. मंगळसूत्राच्या वाट्या माईकच्या फोमवर घासत होत्या. आईची भूमिका आहे, मंगळसूत्र काढायचं नव्हतं. बांगड्या काढल्या, त्या काढता येण्यासारख्या होत्या. सिंथेटिक साडी बदलून सुती नेसली, सिंथेटिक कापड सळसळतं आणि बारीक चौकडा असेल तर चित्रात नाचतो पण. आणि माईक अंगावरून काढून जुन्या पडद्याच्या दांडीला टोकाला चिकटपट्टीने लावला, दांडी कपाटावर ठेवून वर विटेएवढं वजन, म्हणजे माईक फ्रेमच्या अगदी वर, तिच्या कपाळापासून दीड फुटावर लोंबकळतोय. चित्रात दिसत नाही, कशाला घासत नाही.

दीड फूट का, तर बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो, पण खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. सहा फुटांवरच्या फोनचा माईक आणि दीड फुटावरचा हा, यात अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे साधारण १२ डेसिबलचा फायदा. महागडा माईक सहा फुटांवर ठेवण्यापेक्षा स्वस्तातला तोंडाजवळ ठेवलेला केव्हाही चांगला, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

फोन कुठे आणि कसा

ट्रायपॉड नव्हता. इस्त्रीच्या टेबलावर स्टीलचे दोन डबे, त्यावर फोन, मागून पुस्तकांचा टेकू आणि रबरबँड. उंची तिच्या डोळ्यांच्या रेषेत. अंतर पाच-सहा फूट, आणि ॲपमध्ये थोडं झूम. फोन तीन फुटांवर आणला की छातीपर्यंतची फ्रेम झूम न करता मिळते खरी, पण फोनची लेन्स वाइड असते, जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. लांबून घेतलं की चेहरा आहे तसा दिसतो. चित्र थोडं मऊ पडतं, तेवढं चालतं.

सेल्फी कॅमेरा वापरायचा नाही असं ठरवलं. एक तर मागच्यापेक्षा तो कमी प्रतीचा, आणि दुसरं म्हणजे समोर स्वतः दिसत असलं की नजर स्वतःकडेच जाते. पण मागचा कॅमेरा वापरला की आपण फ्रेममध्ये आहोत का हे दिसत नाही. मग जाजमावर चिकटपट्टीची फुली, अंगठे त्या फुलीला. फोकससाठी त्या फुलीवर एक खुर्ची ठेवली, खुर्चीच्या पाठीला लांब छत्री उभी बांधली आणि तिच्या मुठीला तोंडाच्या उंचीवर वर्तमानपत्राचा कागद टाचला, बारीक छपाई असली की फोनला फोकस पटकन सापडतो. कागदावर बोट दाबून धरून फोकस लॉक केला, मग छत्री काढून ताईला उभं केलं, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड बघून एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, लॉक. हे लॉक करणं फार महत्त्वाचं. लॉक नसेल तर ती हात वर करते, पांढरा पदर फ्रेममध्ये येतो आणि सगळं चित्र एकदम गडद होतं, परत उजळतं. बाहेर ढग येत-जात होते, लॉक केल्यावर चित्र किंचित कमी-जास्त होत होतं पण ते नैसर्गिक वाटतं, फोनने मध्येच केलेली उडी वाटत नाही.

फ्लाइट मोड टाकला. जागा रिकामी केली. फुल एचडीला मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जातात, फोर-के (4K) ला त्याच्या अडीच-तीन पट, आणि लग्नाच्या व्हिडिओंनी आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंनी तिचा फोन काठोकाठ भरलेला होता. चांगला टेक चालू असताना स्टोरेज संपल्याचा मेसेज येण्यासारखं दुःख नाही.

दाजींची जागा आणि ताईचा आवाज

तांत्रिक सगळं बसलं आणि पहिला टेक घेतला. चित्र छान. पण ताई स्टेजवर बोलते तशी बोलली. शेवटच्या रांगेला ऐकू जायला पाहिजे अशी सवय आहे तिला, वीस वर्षांची. माईक फुटला, म्हणजे आवाज इतका मोठा की रेकॉर्डिंग कर्कश झालं, जोरातली वाक्यं सगळी चिरलेली. आणि चेहरासुद्धा, भुवया वर, मान प्रत्येक शब्दाला हलतेय. स्टेजवर हेच बरोबर असतं, तिथे चाळीस फुटांवरून बघणाऱ्याला कळायला पाहिजे. इथे बघणारा मोबाईलवर तिचे डोळे बघणार.

मी अभिनयातला माणूस नाही म्हणून मी काही शिकवायला गेलो नाही, फक्त तिला तिचा टेक कानाला हेडफोन लावून दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अरे मी तर भांडतेय. ही बाई पोराला समजावतेय ना." मग तिने दाजींना फोनच्या शेजारी उभं न करता स्टुलावर बसवलं, लेन्सच्या उजवीकडे अगदी लगत, आणि स्वतःच म्हणाली, "तुम्ही आता आपल्या पिंट्यासारखे बसा आणि हळू बोला, वाचल्यासारखं नको." नजरेची जागा त्यामुळे बरोबर झाली, लेन्समध्ये थेट बघायचं नाही, लेन्सच्या बाजूला बघायचं, दोन्ही डोळे दिसतात. दाजी फार बाजूला बसले असते तर तिचा एकच गाल दिसला असता. इंट्रो मात्र थेट लेन्समध्ये बघून द्यायचा.

दाजी आधी बँकेची नोटीस वाचल्यासारखे वाचत होते. समोरच्याकडून काही येत नसेल तर नट कुणाला उत्तर देणार? ताईने त्यांना कागद बाजूला ठेवायला लावला, ओळ चुकली तरी चालेल, माझ्याकडे बघा म्हणाली. ते घाबरत घाबरत बोलले, शब्द वेगळे आले, पण आवाज मुलाचा आला, आईपासून काहीतरी लपवणाऱ्या मुलाचा. आणि ताई थांबली. बोलायच्या आधी तिने एक क्षण नुसतं बघितलं, आणि पुढची ओळ जवळजवळ पुटपुटली. मी हेडफोन लावून बसलो होतो, माझ्या अंगावर काटा आला. माईक दीड फुटावर होता म्हणूनच ते पुटपुटणं रेकॉर्ड झालं, पहिल्या दिवशीच्या हॉलमध्ये ते पंख्यात वाहून गेलं असतं. खोली नीट केली की नटाला हळू बोलायची मोकळीक मिळते, आणि सेल्फ टेपमध्ये हीच खरी कमाई आहे असं मला त्या क्षणी पटलं.

त्यानंतरचे टेक पटापट झाले. दर दोन-तीन टेकनंतर थांबून बघायचो, प्रत्येक टेकनंतर बघत बसलं की नट स्वतःच्या दिसण्याबद्दलच विचार करायला लागतो. हिंदी तुकडा शेवटी घेतला कारण तिला त्याचं दडपण होतं.

पाठवणं

इथे बरेच जण सगळी मेहनत घालवतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून छोटा केला जातो, चेहऱ्यावर चौकोन चौकोन येतात. तोच डॉक्युमेंट म्हणून जोडला तर आहे तसा जातो, २ जीबीपर्यंत. कास्टिंगवाल्याने ड्राइव्हची लिंक मागितली होती, तर लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल ही परवानगी देऊन, आणि मग दाजींच्या फोनवरून उघडून बघितली. ही तपासणी कराच, ॲक्सेस मागायला लावणारी लिंक आली की शंभर टेप बघायच्या असलेला माणूस पुढच्या टेपवर जातो, त्याचा त्यात दोष नाही. फाइलला नाव, गाव आणि भूमिका. पुढचं-मागचं कापलेलं, ताई चालत येऊन फुलीवर उभी राहते तेवढं काढलेलं. रंग, फिल्टर, संगीत काहीही नाही. मुदतीच्या आदल्या रात्रीच गेलं.

त्या भूमिकेसाठी तिला फोन आला नाही. नुसतं "मिळालं, धन्यवाद" एवढाच मेसेज, आणि बहुतेक वेळा तेवढाही येत नाही.

पण पुढच्या महिन्यात त्याच माणसाने स्वतःहून दुसरा सीन पाठवला, आणि या वेळी मुदत त्याच रात्रीची. म्हणजे खिडकी नाही. मी मिरजेत एका लग्नाच्या कामात अडकलेलो, जाणं शक्यच नव्हतं. ताईने स्वतःच सगळं लावलं. दोन १२ वॅटचे पांढरे एलईडी बल्ब, दोन्ही एकाच कंपनीचे म्हणजे रंग जुळतो, होल्डरला वायर लावून खुर्च्यांना बांधले आणि तोंडाकडे न वळवता थर्माकोलकडे वळवले, थर्माकोलवरून परतलेला उजेड तिच्यावर. फ्रेम २५. पट्टे राहिलेत का ते बघायला तिने आधी मला वीस सेकंदांचा तुकडा पाठवला, आणि तो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवला. बारीक पट्टे होते. फोनवरून तिला सांगितलं की बल्ब थोडे लांब कर, मग उजेड कमी होईल आणि फोन शटर हळू करेल. केलं, गेले. आवाजाची अडचण मात्र सुटली नाही, पावसाळ्यात परसात बेडूक ओरडतात आणि त्यांना बंद करायचं बटण नाही. तिने खिडकी बंद करून तिच्यावर दुसरी वाकळ टाकली, त्याने बरंच दबलं, अगदी शांत नाही झालं.

त्या टेपवर तिला काम मिळालं. दोन दिवसांचं, शेजारणीचं, कोल्हापूरच्या चित्रनगरीत. तिथल्या सेटवर साउंड रेकॉर्डिस्टने तिला माईक लावायला घेतला तेव्हा तिने आधी मंगळसूत्राच्या वाट्यांना साडीच्या आतून चिकटपट्टी लावून घेतली, त्याने विचारलं कुणी शिकवलं तुम्हाला हे. मला हे दाजींनी फोन करून सांगितलं. आता तिच्या नाटकाच्या ग्रुपमधली दोन पोरं त्याच मागच्या खोलीत येऊन टेप करतात आणि त्यांना समोरचे डायलॉग दाजी देतात.